विहीर, गटार आणि किल्ला



गेल्या पावसाळ्याच्या आधी आमच्या गल्लीत भुयारी गटाराचं काम निघालं. मशीनने चर खणता खणता कमरेइतक्या खोलीवर जुनं बांधकाम लागलं. रुंद, चपट्या भाजक्या विटा, चुन्यात बसवलेल्या. कुणी म्हणालं वाड्याचा पाया आहे, कुणी म्हणालं बुजलेला आड असणार. आम्ही बायका हातातली कामं टाकून बघायला जमलो. मशीनवाला पोरगा चांगला होता, त्याने थांबून विचारलंसुद्धा, ‘काय करू?’ पण उत्तर देणारं तिथे कुणी नव्हतं. दुपारपर्यंत विटा ट्रॉलीतून गेल्या, चरात पाइप बसला, वर काँक्रीट पडलं. आता आम्ही रोज त्याच्यावरून दूध आणायला जातो.

नेमकी त्याच वेळी आमच्या गटातली एक जण लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडात, मॉन्ट्रियल शहरात होती. तिथून फोनवर ती सांगू लागली, ‘अगं, इथे लोक तिकीट काढून गटार बघायला येतात!’ आम्ही हसलो. वाटलं, थंडीने हिचं डोकं फिरलं. पण ती परत आली ती फोटो, नकाशे आणि दोन पुस्तकं घेऊन. मग आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं, लेकीकडून फ्रेंच पाट्यांचे अर्थ लावून घेतले. आजची गोष्ट त्या गटाराची, आणि त्या गटाराला पोटात घेऊन उभ्या असलेल्या संग्रहालयाची.

संग्रहालयाचं नाव प्वांत-आ-कालियेर. ‘प्वांत’ म्हणजे जमिनीचं टोक. सेंट लॉरेन्स ही मोठी नदी आणि सँ-पिएर नावाची एक छोटी नदी जिथे मिळायच्या, तिथलं हे टोक. म्हणजे आपल्या भाषेत संगम. पुढे कालियेर नावाच्या गव्हर्नरने तिथे घर बांधलं म्हणून ते कालियेरचं टोक झालं. त्या जागी १९९२ सालच्या मे महिन्यात, शहराला ३५० वर्षं झाली त्या निमित्ताने, हे संग्रहालय उघडलं. वरची इमारत नवी आहे, तिकोनी, दगडी, एका अंगाला मनोरा असलेली. इमारतीचा हा आकारही उगीच नाही. १८६१ मध्ये याच जागी एका विमा कंपनीची इमारत उभी राहिली होती, ती १९५१ मध्ये पाडली. दान हंगानू या वास्तुकाराने नव्या इमारतीला त्या जुनीची ठेवण दिली. पण खरं बघण्यासारखं सगळं खाली, तळघरात आहे. आपल्याकडे संग्रहालय म्हणजे कुठून कुठून आणलेल्या वस्तू काचेच्या कपाटात मांडलेली जागा. इथे वस्तू जागच्या जागीच आहेत. माणसांनाच त्यांच्याकडे जिना उतरून जावं लागतं.

आता सुरुवातीपासून सांगतो. फ्रेंच लोक यायच्या कितीतरी आधीपासून मूलनिवासी लोक या संगमावर मुक्काम करायचे. १५३५ मध्ये जाक कार्तिये हा फ्रेंच दर्यावर्दी आला, तेव्हा या बेटावर ओशलागा नावाचं त्यांचं भरलं गाव होतं. पाऊणशे वर्षांनी शांप्लेन आला तेव्हा ते गाव उरलं नव्हतं. का, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. पण शाळेच्या पुस्तकात ‘शहराची स्थापना अमुक साली’ असं वाक्य आलं की त्याच्या आधी तिथे रान होतं असं आपण धरून चालतो, ते मात्र चूक.

स्थापनेचं साल १६४२. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज बारा वर्षांचे होते, आणि जिजाबाई उजाड झालेलं पुणं पुन्हा वसवण्याच्या मागे होत्या. इकडे मे महिन्यात पन्नासेक माणसांची तुकडी होड्यांतून या टोकावर उतरली. पुढारी होता मेझोनव नावाचा सरदार. आणि त्याच्याबरोबर होती झान मान्स, पस्तिशीची, बिनलग्नाची, शुश्रूषेचं काम जाणणारी बाई. या लोकांना राजाने पाठवलं नव्हतं. फ्रान्समधल्या एका धार्मिक मंडळाने पैसा उभा केला होता, मूलनिवाशांना ख्रिस्ती करायचं आणि नवं गाव वसवायचं म्हणून. गावाला नाव दिलं व्हिल-मारी, म्हणजे मेरीचं गाव. त्यांना तिथे कुणी बोलावलं नव्हतं, हेही आपण लक्षात ठेवू.

पहिल्याच हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास नदीला पूर आला. संगमावर घर बांधलं की पुराचं भय आलंच, हे आपल्याकडची कृष्णा-पंचगंगाकाठची कुठलीही म्हातारी त्यांना सांगू शकली असती. पाणी किल्ल्याच्या दारापर्यंत आलं. मेझोनवने नवस बोलला, पाणी ओसरलं तर डोंगरावर क्रूस नेईन. पाणी ओसरलं, आणि ६ जानेवारी १६४३ ला त्याने खांद्यावरून लाकडी क्रूस शहरामागच्या डोंगरावर नेला. त्या डोंगराच्या नावावरूनच पुढे शहराचं नाव मॉन्ट्रियल पडलं.

किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे राजगड येतो. हा तसा नव्हे. लाकडाच्या ओंडक्यांचं कुंपण, आत दाटीने बांधलेली घरं, सामानाचं कोठार, लोहाराची भट्टी. बाहेर इरोक्वाय लोकांशी वैर. इरोक्वायांच्या शत्रूंशी फ्रेंचांनी आधीच दोस्ती केली होती, त्याचं हे फळ. कुंपणाबाहेर लाकूडफाट्याला गेलेला माणूस परत येईलच अशी खात्री नसायची. आणि पाणी? पाणी नदीवरून आणायचं. सोळा वर्षं हे असंच चाललं.

मग १६५८ च्या ऑक्टोबरात मेझोनवने जाक आर्शांबो नावाच्या माणसाशी करार केला, किल्ल्याच्या आवारात विहीर खोदण्याचा. मजुरी ठरली तीनशे लिव्र, आणि वर दहा मापं ब्रँडी. मॉन्ट्रियलमधल्या वसाहतकारांची ही पहिली विहीर. आर्शांबोचं नाव आजही त्या परिसरात पाटीवर आहे. आम्हाला ही गोष्ट फार आवडली. शहराच्या स्थापनेच्या मिरवणुका निघतात, पुतळे उभे राहतात, पण बाईमाणसाचं जिणं बदललं ते या विहिरीने असणार. डोक्यावरचा हंडा उतरला नसेल, पण वाट तरी घराच्या अंगणात आली. त्या दिवशी कुणी काय म्हणालं ते लिहून ठेवलेलं नाही. ब्रँडीचा हिशोब मात्र आहे.

झान मान्सकडे परत येऊ. तिने १६४५ मध्ये इस्पितळ उभारलं, ओतेल-द्यू. त्यासाठी पैसा येत होता फ्रान्समधल्या एका श्रीमंत विधवेकडून. या बाईची एकच अट होती, माझं नाव कुणाला सांगायचं नाही. कागदोपत्री ती ‘अनामिक दाती’ होती. मादाम द ब्युलियों हे तिचं नाव लोकांना कळलं ते पुढे. १६५१ च्या सुमारास वसाहत मोडायच्या बेताला आली. माणसं मरत होती, उरलेले पळून जायच्या गोष्टी करत होते. झान मान्सपाशी इस्पितळासाठी ठेवलेले बावीस हजार लिव्र होते. तिने ते मेझोनवच्या हाती दिले आणि सांगितलं, फ्रान्सला जा, माणसं घेऊन ये. बदल्यात इस्पितळाच्या नावे जमीन लिहून घेतली. उगीच औदार्य नव्हे, हिशोबी काम. १६५३ मध्ये तो शंभराच्या आसपास माणसं घेऊन परतला, आणि गाव तगलं.

आता बघा, दोन बायका. एकीने दूरदेशी बसून नाव न सांगता पैसे पाठवले, दुसरीने ते पैसे कुठे लावायचे हा अख्ख्या वसाहतीच्या जीवन-मरणाचा निर्णय घेतला. आणि शहराचा संस्थापक म्हणून साडेतीनशेहून अधिक वर्षं नाव कुणाचं? एकट्या मेझोनवचं. मॉन्ट्रियल शहराने झान मान्सला बरोबरीची संस्थापक म्हणून अधिकृत मान दिला तो २०१२ साली. आमच्यातल्या एकीचं म्हणणं, ‘उशिरा का होईना!’ दुसरी म्हणाली, ‘बचतगटाच्या कर्जाने घर बांधलं तरी दारावर पाटी नवऱ्याचीच असते.’ यावर बराच वेळ गप्पा झाल्या, त्या इथे सांगत नाही.

त्या शंभर माणसांच्या जहाजातूनच मार्गरित बुर्जवा आली. तिने १६५८ मध्ये एका दगडी गोठ्यात शाळा काढली. गोठ्यातल्या शाळा आपल्यालाही अनोळखी नाहीत.

संग्रहालयाच्या तळघरात सगळ्यात शांत जागा आहे ती स्मशानाची. १९८९ मध्ये इमारत बांधण्याआधी उत्खनन झालं, तेव्हा व्हिल-मारीच्या पहिल्या दफनभूमीच्या खुणा सापडल्या. १६४३ ते १६५४ या काळात तिथे चाळिसाच्या आतबाहेर माणसं पुरली गेली. फ्रेंच होते, तसे काही मूलनिवासीही. किल्ल्यात भांडण आणि वैर चालू असताना मातीत मात्र ते शेजारी शेजारी. आमची मैत्रीण म्हणाली, बाळाची गाडी ढकलत ती तिथे पोचली आणि तिला पुढे जाववेना. वर रहदारीचा रस्ता, खाली हे, आणि गाडीत दोन महिन्यांची नात झोपलेली.

कालियेरच्या नावाशी आणखी एक मोठी घटना जोडलेली आहे. १७०१ च्या उन्हाळ्यात मॉन्ट्रियलमध्ये तेराशेच्या आसपास मूलनिवासी प्रतिनिधी जमले, चाळिसाच्या जवळपास जमातींचे. कित्येक जण शेकडो कोस होड्या वल्हवत आले होते. गावाची वस्तीच तेव्हा तेवढी असेल-नसेल. गव्हर्नर कालियेर यजमान होता. पण तह घडवून आणण्यात मोठा हात होता तो ह्युरॉन-वेंडाट जमातीच्या कोंडियारोंक या मुत्सद्द्याचा. बोलणी चालू असताना त्याला ताप भरला. खुर्चीत बसून तो सभेत बोलला आणि २ ऑगस्टच्या रात्री झान मान्सने काढलेल्या त्याच इस्पितळात गेला. दोन दिवसांनी, ४ ऑगस्टला तह झाला. मूलनिवासी प्रमुखांनी सही म्हणून आपापल्या कुळाची चिन्हं काढली, सारस, कासव, बीव्हर, अशी. कोंडियारोंकला मोठ्या मानाने चर्चमध्ये पुरलं. पण ते चर्च पुढे पाडलं गेलं, आणि त्याची कबर नेमकी कुठे ते आज दाखवता येत नाही. ज्या शहराखाली एवढं सगळं जपून ठेवलं आहे, तिथे ही एक जागा हरवलेली आहे.

आता गटार.

छोट्या सँ-पिएर नदीचं पुढे काय झालं ते सांगायला नकोच. शहर वाढलं की त्यातल्या ओढ्याचं जे होतं तेच. चामडं कमावणारे, खाटीक, घराघरांतलं सांडपाणी, सगळं नदीत. १८३२ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये पटकी आली आणि एका उन्हाळ्यात हजारो घरांत सुतक आलं. त्या काळी डॉक्टरसुद्धा रोग दुर्गंधीतून पसरतो असंच समजत. समज चूक होती, पण त्यातून एक काम बरोबर झालं. १८३२ ते १८३८ या काळात नदीला दगडी कमानीच्या बोगद्यात घालून वरून झाकून टाकलं. त्याला म्हणतात विल्यम कलेक्टर. उत्तर अमेरिकेतलं या प्रकारचं हे पहिलं मोठं गटार असं संग्रहालय सांगतं. घडीव दगड, नेटकी कमान, माणूस ताठ चालत जाईल एवढी उंची. हे गटार १९८९ पर्यंत वापरात होतं. दीडशे वर्षं! आमच्या गल्लीतला पाइप दोन पावसाळ्यांत दोनदा तुंबला, तेवढं सांगून पुढे जातो.

आज त्यातला शंभर-सव्वाशे मीटरचा भाग धुऊन-पुसून संग्रहालयाचा रस्ता केला आहे. भिंतींवर रंगीत प्रकाश सोडतात. एका टोकाला मुख्य इमारत, दुसऱ्या टोकाला किल्ल्याची जागा, आणि मध्ये हे गटार. आमच्या मैत्रिणीने खरोखर नाक धरलं होतं म्हणे, आणि शेजारून जाणाऱ्या शाळेच्या पोरांना त्याचं फार हसू आलं.

या गटारावरच, झाकलेल्या नदीच्या वर, दगडी मंडई बांधली होती. १८४४ मध्ये मंडईच्या त्या इमारतीत कॅनडाची संसद भरू लागली. २५ एप्रिल १८४९ च्या रात्री एका कायद्यावरून चिडलेल्या इंग्रजीभाषक जमावाने ती जाळली. हजारो पुस्तकांचं ग्रंथालय राख झालं. व्हिक्टोरिया राणीची तसबीर मात्र लोकांनी आगीतून बाहेर काढली. पुढे संसद त्या शहरातून कायमची हलली. पुढे त्या जागेवर कित्येक वर्षं मोटारी लावायचं मैदान होतं. गेल्या दशकात उत्खनन झालं तेव्हा डांबराखालून जळून कोळसा झालेली पुस्तकं निघाली.

आणि मूळ किल्ला? तो तर सगळे विसरूनच गेले होते. कालियेरचं टोक एवढंच ठाऊक, पण नेमका कुठे, ते सांगता येत नव्हतं. संग्रहालयाशेजारी एक जुनं गोदाम होतं. ते घेतल्यावर २००२ पासून मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी दर उन्हाळ्यात तिथे खणायला घेतलं. दरवर्षी थोडं थोडं, खुरप्याने आणि कुंचल्याने. मातीचा रंग कुठे बदलतो, लाकडी खांब कुजून गेल्यावर त्याचा काळा डाग कुठे उरतो, हे बघत बघत किल्ला सापडला. लाकडी किल्ल्याचं दुसरं काय उरणार? दहा-बारा उन्हाळे त्यात गेले. १७ मे २०१७ रोजी, शहराच्या ३७५ व्या वाढदिवशी, ती जागा लोकांना खुली झाली. वर काचेची जमीन केली आहे, खाली किल्ल्याची माती. आमच्या मैत्रिणीला काचेवर पाय ठेवायला भीती वाटली. तिथल्या माणसाने हात दिला.

इथे आमच्यात एक वाद झाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकीचं म्हणणं, एवढं जपलं ते कुणाचं? ज्यांनी दगड रचले आणि कागद ठेवले त्यांचं. म्हणून आम्ही आणखी शोधलं तेव्हा मारी-जोसेफ आंजेलिक सापडली. ती पोर्तुगालच्या बेटावर जन्मलेली काळी गुलाम बाई, मॉन्ट्रियलच्या सँ-पॉल रस्त्यावर एका विधवेच्या घरी राबणारी. हा रस्ता संग्रहालयापासून हाकेच्या अंतरावर. तिने पळून जायचा प्रयत्न केला होता. १० एप्रिल १७३४ ला शहरात आग लागली, पंचेचाळीसच्या आसपास घरं जळाली, ओतेल-द्यू इस्पितळही जळालं. आळ तिच्यावर आला. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार कुणी नव्हता. शेवटी एका पाच वर्षांच्या मुलीची साक्ष घेतली. तिचा छळ करून कबुली काढली आणि २१ जूनला फाशी दिली. आग तिनेच लावली की नाही यावर आजही इतिहासकारांचं एकमत नाही. कॅनडात गुलामगिरी होती हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी कागदपत्रांतून चार हजारांहून अधिक गुलामांची नोंद काढली, त्यातले दोन-तृतीयांश मूलनिवासी होते.

आंजेलिकविषयी आपल्याला कळतं ते फक्त खटल्याच्या कागदांतून. तिने जे भांडं वापरलं असेल ते जमिनीत सापडलं तरी ते मालकिणीचं भांडं म्हणूनच ओळखलं जाईल. दुसरी मैत्रीण मात्र म्हणाली, म्हणूनच जमीन उकरून ठेवायची. कागदात विहिरीच्या मजुरीची ब्रँडी येते, विहिरीवर पाणी भरणारी येत नाही. ती आली तर मातीतूनच येईल, फुटक्या मडक्यातून, टाचणीतून, मण्यातून. वाद मिटला नाही. चहा झाला आणि आम्ही लिहायला बसलो.

तर मैत्रिणींनो, आता आपल्या कामाचं. आपल्याकडे जमिनीत पुरलेलं धन किंवा मौल्यवान वस्तू सापडली, तर तिच्यासाठी १८७८ चा जुना कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर गुन्हा. पण विटा, खापरं, जुनी भिंत यांना धन कोण म्हणणार? तेव्हा निदान एवढं करू या. पाया, विहीर, शोषखड्डा खणताना असं काही लागलं तर काम तासभर थांबवायला सांगा. मोबाइलवर फोटो काढा, शेजारी फूटपट्टी नसेल तर नाणं किंवा हाताची वीत ठेवून काढा, म्हणजे माप कळतं. किती खोलीवर लागलं ते लिहून ठेवा. आणि वस्तू घासून-धुऊन लख्ख करू नका. फोटो रेडिओवर आणून दाखवा, आपण पुढे कुठे पाठवायचे ते बघू.

आमच्या गल्लीतल्या त्या विटांपैकी तीन विटा आमच्यातल्या एकीने ट्रॉली भरत असताना उचलून आणल्या होत्या. इतके दिवस तिच्या अंगणात तुळशीपाशी पडून होत्या. परवा त्या आम्ही मोजल्या. तिन्ही एका मापाच्या आहेत, आणि एकीवर ओल्या मातीत उमटलेली तीन बोटं आहेत. फोटो पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात पाठवले आहेत. उत्तर आलं की इथेच सांगू.